सदूकाका हरवेना

आमच्या सदूकाकाला गर्दीत हरवायचा नाद होता. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला भजनाचा, काकाला हरवायचा. आणि हे चुकून वगैरे नव्हे. चुकून हरवणाऱ्या माणसांची त्याला कीव यायची. "चुकून काय, शेळीपण हरवता," तो म्हणायचा. "ठरवून हरवूक अक्कल लागता."

प्रदर्शन असो, गणपतीचा मांडव असो, कुणाचं लग्न असो, जिथे म्हणून भोंगा आहे आणि भोंग्याच्या मागे बोलायला माणूस आहे, तिथे आमचं कुटुंब शिरलं की चहा निवायच्या आत काका गायब. मग आम्ही काही शोधाशोध करायचो नाही. जिथे असू तिथे उभे राहून कान टवकारायचो. थोड्या वेळाने भोंगा खाकरायचा.

"लक्ष द्या, लक्ष द्या. दहिसरहून आलेले श्रीयुत सदानंद घाडीगावकर हे हरवले आहेत. उंच बांधा, भारदस्त व्यक्तिमत्त्व, डोळ्यांत करारीपणा, अंगात राखाडी सफारी. त्यांच्या माणसांनी त्यांना कृपया घेऊन जावं."

हे वर्णन अर्थात काकाने स्वतः सांगितलेलं. आता उंच बांधा म्हणाल, तर आमच्या फ्रीजवर ठेवलेली बरणी काढायला काकाला स्टूल लागायचं, आणि स्टुलावर चढायला पाट. भारदस्त म्हणाल, तर टेबलफॅन तीनवर केला की काका खुर्चीसकट भिंतीकडे सरकायचा. करारी डोळ्यांना मोतीबिंदू. राखाडी सफारी मात्र खरी होती. ती त्याने आमच्या बारशाला शिवली असावी आणि आमच्या बारशापासूनच ती राखाडी होत गेली असावी.

त्यामुळे व्हायचं काय, की वर्णन ऐकून सगळी गर्दी उंच, करारी माणूस शोधत माना वर करायची आणि तिच्या कोपरांखालून काका आरामात इकडेतिकडे बघत बसलेला असायचा.

"काका, हे तू का करतोस रे?" असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

"सिस्टम चेक करतंय," काका म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं उत्तर. जन्मभर त्याने कांदिवलीच्या एका औषधांच्या कंपनीत खोक्यांची सीलं तपासली. सील धड आहे का, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. "उद्या एखादं पोर खरंच हरवलं म्हणजे? तेव्हा समजणार काय, की भोंगो बंद आसा? आधी चाचणी नको?" हे तो इतक्या कळकळीने सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, सरकारने या कामासाठी नेमलेला हाच तो माणूस.

चाचणी झाली की निकालही लागायचा. परतीच्या रिक्षात काका भोंगेवाल्याची उत्तरपत्रिका तपासायचा. "आवाज बरो, पण जिव्हाळो नाय. माणूस हरवलाय आणि हा सांगतो कसा, जसा काय कोथिंबिरीचो भाव!" बोरिवलीच्या एका प्रदर्शनात तर त्याला भोंगेवाल्याचं काम इतकं नापास वाटलं, की त्याने माइक हातात घेऊन त्याला जागच्या जागी शिकवणी दिली. जिव्हाळा कुठे घ्यायचा, श्वास कुठे सोडायचा, 'हरवले' या शब्दावर गळा कसा दाटून आणायचा. शिकवणी त्या पोराच्या अंगी इतकी लागली, की पुढे प्रदर्शन संपेपर्यंत त्याने प्रेशर कुकरच्या जाहिरातीसुद्धा त्याच आवाजात केल्या. बायका डोळे पुसत कुकर घेत होत्या. ज्यांच्या घरी कुकर होता, त्यांनीही घेतला. एका आजीने तर कुकरला पोटाशी धरून, "चल बाबा आता घरी," म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

घाटकोपरच्या मॉलमध्ये पंचाईत झाली. तिथे हरवल्या-सापडल्याची टपरीच नव्हती. काका सरळ तळमजल्यावरच्या सुरक्षारक्षकापाशी गेला आणि म्हणाला, "मी हरवलोय."

"अंकल, आपको जाना किधर है?"

"जायचं नाही कुठे. मला न्यायला आलं पाहिजे."

सुरक्षारक्षकाने त्याच्या साहेबाला बोलावलं, साहेबाने मोठ्या साहेबाला. काका प्रत्येकाला सिस्टमचं महत्त्व सांगत गेला. शेवटी मॉलवाले थकले, सगळ्या मजल्यांवरचं संगीत थांबलं, आणि एका नाजूक बाईच्या आवाजात 'मिस्टर सदानंद' अशी घोषणा झाली. त्यानंतर कितीतरी दिवस काका घरात नुसत्या 'काका' हाकेला ओ देईना. 'मिस्टर काका, जेवायला वाढलंय,' असं म्हटलं की उठायचा.

पण कहर झाला तो मुलुंडला, माझ्या सासुरवाडीला. माझ्या बायकोच्या, सुप्रियाच्या, मामेबहिणीचं लग्न. हॉलला दार एकच, आणि ते दारही मांडवातून दिसत होतं. अशा हॉलमध्ये हरवायला खरोखर प्रतिभा लागते. अंतरपाट धरलेला, भटजींनी पहिल्या मंगलाष्टकाला तोंड उघडलेलं, आणि साउंडवाल्याच्या माइकवरून आवाज आला, "लक्ष द्या, लक्ष द्या. उंच बांधा, भारदस्त व्यक्तिमत्त्व..." नवरामुलगा आधीच घाबरलेला. त्याला वाटलं, आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय. त्याने अंतरपाट वर करून बघितलं. मुहूर्ताच्या आत नवरानवरीची नजरानजर! मुलुंडची मंडळी ते आजही विसरलेली नाहीत. आणि सुप्रिया तर त्या दिवसापासून काकाचा उल्लेख 'तुमचे ते' असाच करायची. "तुमचे ते आले तर मी माझ्या माहेरच्या एकाही कार्याला येणार नाही," असं तिने मला बजावलं होतं. काकाशी समोर मात्र अदबीने. बोलायची कमी, वाढायची जास्त.

आता हरवलेल्या काकाला आणायला जायचं कुणी, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. आई जायची. माझी आई म्हणजे काकाची वहिनी, त्याच्या भाषेत वैनी. ती लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा काका शाळेत होता आणि घरात सासू नव्हती. सासूच्या जागी आईला हा दीर मिळाला. पुढे बाबा गेले, मी मोठा झालो, चाळ पाडून टॉवर झाला, काकाचं लग्न व्हायचं राहिलं ते राहिलंच. पण हा दीर काही सुटला नाही.

भोंगा वाजला की आई हातातली पाणीपुरी तशीच माझ्या हातात द्यायची, पदर खोचायची आणि निघायची. तिच्या चालण्याकडे बघून गर्दी आपोआप बाजूला व्हायची. टपरीजवळ पोचायच्या आधीच तिचा आवाज पोचायचा. "काय रे मेल्या, लाज वाटणा नाय तुका? केस पिकले, अक्कल कधी पिकतली? हयसर माझे गुडगे दुखतत आणि हो बसलो राजासारखो खुर्चीवर!" हे तिथून जे सुरू व्हायचं ते रात्री भांडी घासून पालथी घालेपर्यंत. काका तिच्या मागून मान खाली घालून चालायचा. चेहरा मात्र असा, की जिल्ह्यात पहिला आलाय आणि ढाल घेऊन घरी चाललाय.

एकदा आईचा पाय मुरगळला होता म्हणून मी गेलो होतो. काकाने माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि भोंगेवाल्याला म्हणाला, "ह्याला मी ओळखत नाही." दोन स्वयंसेवकांनी माझी कॉलर धरली. मी त्याला 'काका, काका' म्हणून ओरडतोय आणि तो लोकांना सांगतोय, "बघा, हल्ली कोण कुणाला काका म्हणेल!" शेवटी आई लंगडत आली तेव्हा आम्ही दोघेही सुटलो.

गेल्या वर्षी आई गेली.

त्यानंतर काकाने काही केलं नाही. रडला नाही, बोलला नाही, आजारी पडला नाही. फक्त हरवायचा थांबला. हरवायला आधी कुठेतरी जावं लागतं, तो जाईचना. गणपतीच्या मांडवात नाही, कुणाच्या बारशाला नाही, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेसुद्धा नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. घर इतकं गप्प झालं, की शेजारचे सोमण एकदा विचारायला आले, "तुमच्याकडे लाइट गेलीय का?"

आणि अशात आमच्या दहिसर नदीच्या काठावर रात्रबाजार उघडला.

ही नदी आम्ही जन्मापासून बघतोय, पण ती नदी आहे हे आम्हाला बाहेरून आलेल्या लोकांनी सांगितलं. आम्ही तिला नाला म्हणत होतो आणि तिचीही तक्रार नव्हती. आता कुणा कंत्राटदाराने काठ साफ केला, पायऱ्या बांधल्या, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. आकाशपाळणा आणला, आरसेमहाल आणला, पायांची मेलेली कातडी खाणारे मासे आणले. वास येऊ नये म्हणून ठिकठिकाणी बैलाच्या शेपटीएवढ्या उदबत्त्या पेटवल्या होत्या. सगळं दहिसर तिथे लोटलं होतं आणि उरलेली जागा बोरिवलीने भरून काढली होती.

"काकांना घेऊन जाऊ या," सुप्रिया म्हणाली.

मी चमकलो. 'तुमचे ते' नव्हे, काका.

"आईचं वर्ष सरलं नाहीये अजून," मी म्हटलं.

"बाजार म्हणजे काही सण नव्हे. तिथे भोंगा आहे, आकाशपाळण्याच्या शेजारी. टपरी आहे, माणूस पण बसतो. मी काल भाजी आणायला गेले तेव्हा विचारून आले. आवाज पण ऐकला." मग जरा थांबून म्हणाली, "जिव्हाळा बरा आहे."

मी या बाईकडे बघत राहिलो. जिच्या माहेरचा अंतरपाट या माणसामुळे वर गेला, ती त्याच्यासाठी भोंग्याची परीक्षा घेऊन आली होती.

"मला ते तसे बघवत नाहीत," ती म्हणाली. "एकदा हरवले ना, की येतील ताळ्यावर."

तर असं ठरलं. लोक बाजारात माणसं हरवू नयेत म्हणून एकमेकांचे हात धरतात. आम्ही घरातलं माणूस हरवावं म्हणून सहकुटुंब निघालो.

"आपण आजोबांना तिथे हरवून येणार?" आमची मुलगी ईरा लिफ्टमध्ये म्हणाली.

"हळू बोल गं!"

काका पुढे उभा होता. नको नको म्हणत होता, पण ईराने हात धरल्यावर त्याचं काही चाललं नाही. सफारी घातली होती. हातात पाण्याच्या बाटलीची पिशवी.

बाजाराच्या फाटकातच मोठा भोंगा होता. आम्ही तिघांनीही एकदम काकाकडे पाहिलं. काकाने भोंग्याकडे एकदाच पाहिलं, जसं ओळखीच्या माणसाकडे रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करतात तसं, आणि पुढे चालू लागला.

पहिला प्रयत्न मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानांपाशी. तिथे गर्दी अशी, की माणसाने खिशात हात घातला तर तो दुसऱ्याच्याच खिशात जाईल. सुप्रियाने डोळ्याने खूण केली. आम्ही तिघं एकदम डावीकडे वळलो, दोन गल्ल्या तुडवल्या, कानातल्यांच्या दुकानामागे दडलो. मी हळूच डोकं बाहेर काढलं.

"हळू चला रे," माझ्या खांद्यामागून काका म्हणाला. "पोरीचे पाय दुखतत."

दुसरा प्रयत्न आरसेमहालात. मला वाटलं, इथे तर धडधाकट माणूस हरवतो, हा मोतीबिंदूवाला काय सुटणार! आम्ही त्याला मधोमध सोडून पळालो. सुप्रिया आणि ईरा सुटल्या. मी मात्र आरशांवर आपटत राहिलो. जिकडे बघावं तिकडे मीच, आणि प्रत्येक मी आधीच्यापेक्षा जाड. वाट काढता काढता मी आरशातल्या एका 'मी'ला 'एक्सक्यूज मी' म्हणालो. शेवटी आरशातून एक चिमुकली राखाडी सफारी माझ्याकडे चालत आली, तिने माझा हात धरला आणि मला बाहेर काढलं. बाहेर काकाने भाजलेलं कणीस आधीच घेऊन ठेवलं होतं. "ह्या खा," म्हणाला. "घाबरलस."

तिसऱ्यांदा आम्ही लाजच सोडली. आकाशपाळण्यापाशी गेलो. भोंग्याची टपरी इतकी जवळ, की काकाने हात लांब केला असता तरी माइक मिळाला असता. "काका, तू इथे उभा राहा, आम्ही एक चक्कर मारून येतो," मी म्हटलं. "घाई नाही. वाटलं तर जरा फिर इकडेतिकडे."

"कुठेही फिरा," सुप्रिया म्हणाली.

"लांब गेलात तरी चालेल," ईराने सांगून टाकलं.

पाळणा वर गेला. वरून सगळं दहिसर दिसत होतं, आमचा टॉवर, चेकनाका, डोंगराची काळी कड. पण आम्ही तिघं वाकून खाली बघत होतो. खाली एक राखाडी ठिपका. ठिपका जागचा हलत नव्हता. आमची डबी जशी फिरेल तशी त्याची मान फिरत होती, वर, खाली, पुन्हा वर. शेजारच्या टपरीतून भोंगा कुणाकुणाची नावं घेत होता. ठिपक्याने तिकडे मानसुद्धा वळवली नाही. आम्ही कुठे हरवू नये म्हणून तो आमच्यावर नजर ठेवून उभा होता.

"हरवत कसा नाही हो हा माणूस!" सुप्रिया वरून कळवळली. डबीत समोर एक नवं जोडपं बसलं होतं. नवऱ्याने बायकोला हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

खाली उतरलो तेव्हा आम्हाला चक्कर येत होती आणि काकाची मान अवघडली होती. मग नदीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. बोंबील घेतले, तांदळाच्या रव्यात घोळवून तळलेले. काकाने ईराच्या बोंबलातले काटे काढून दिले. पाण्यात आकाशपाळण्याचे दिवे हलत होते. अंधारात नदी खरंच नदीसारखी दिसत होती.

"आजोबा," ईरा तोंडात घास ठेवून म्हणाली, "तुम्ही हरवा ना प्लीज. सगळ्यांनी किती ट्राय केलं."

मी बोंबील गिळला तो काट्यासकट. काका मात्र रागावला नाही. हसला थोडासा.

"म्हणान मघापासून पळताहात काय?" तो म्हणाला. "माका वाटला, तुमका पोटाचो त्रास आसा."

मग त्याने ईराचे काटे कागदात गोळा केले.

"हरवूक काय गो, आता हरवतंय. पण हरवल्यावर थंय बसून वाट बघूची लागता. आणि वाट बघताना ठावक असूक व्हया, येतला कोण ता." त्याने काट्यांचा कागद चुरगळून मुठीत धरला. "वैनी येतली ह्या ठावक होता."

"आम्ही येऊ ना रे काका," मी म्हटलं.

"येतल्यात. तुमी पण येतल्यात. नाय कशाक?" काका म्हणाला. "पण जबाबदारी म्हणान येतल्यात. 'चला काका, बसा काका, पाणी घ्या काका.' वैनी शिव्या घालीत येय. शिव्या घालणारा माणूस कसा, मनापासून येता."

मी माझ्यातला एक बोंबील काकाच्या पुढ्यात ठेवला.  

"मी हात धुऊन येते," सुप्रिया म्हणाली आणि उठली.

आम्ही बसून राहिलो. ईरा नदीत खडे टाकत होती. सुप्रियाचे बोंबील गार झाले. हात धुवायला ही बाई मुलुंडला गेली की काय, असं माझ्या मनात येतंय तोच भोंगा खाकरला.

"लक्ष द्या, लक्ष द्या. दहिसरच्या सौभाग्यवती सुप्रिया मंगेश घाडीगावकर या हरवल्या आहेत."

ईराच्या हातातला खडा हातातच राहिला.

"सडपातळ बांधा," भोंगा म्हणाला, मग जरा अडखळला, जसं काही कुणीतरी त्याला कोपराने ढोसत होतं. "नाजूक प्रकृती. स्वभाव भित्रा. त्या फार घाबरलेल्या आहेत."

भित्रा! जिला बघून आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी एकदा पाण्याच्या रिकाम्या टाकीत जाऊन बसला होता आणि टाकी भरेपर्यंत बाहेर आला नव्हता, त्या बाईचा स्वभाव भित्रा!

"त्यांना नेण्यासाठी त्यांच्या घरचे श्रीयुत सदानंद घाडीगावकर यांनी स्वतः यावं. यजमानांनी येऊ नये. यजमान आल्यास त्या त्यांना ओळखणार नाहीत असं त्या सांगत आहेत."

मी काकाकडे पाहिलं. काका उभा राहिला होता. एवढ्या वर्षांत तो भोंग्याच्या या बाजूला कधी उभा राहिलाच नव्हता. त्याचं नाव घेतलं जायचं तेव्हा तो तिकडे टपरीत बसलेला असायचा. इकडे गर्दीत आपलं नाव कानावर पडलं की माणूस कसा उठून उभा राहतो, ते त्याला आज पहिल्यांदा कळत असावं.

"हिका काय झाला?" तो पुटपुटला. "नळ तर हयसरच आसा..."

"काका, ती मुद्दाम..." मी सांगू लागलो.

"तू बस थंय," काका माझ्यावर खेकसला. "बायल हरवली तरी बोंबील खाता!"

आणि निघाला. आधी भरभर चालत, मग चक्क धावत. फुगेवाल्याचे निम्मे फुगे सुटून आकाशात गेले, मासेवाल्याच्या हौदातल्या पाण्याला लाटा आल्या, सेल्फी काढणाऱ्या एका घोळक्याच्या मधून तो असा गेला, की त्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आजही एक राखाडी पट्टा आहे. मी पिशव्या आणि ईरा दोन्ही उचलून मागून पळालो.

टपरीत सुप्रिया स्टुलावर बसली होती. पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावलेली. भोंग्यावरचा तरुण पोरगा माइक धरून बसला होता. काका टपरीच्या फळीला धरून धापा टाकत उभा राहिला. फळी त्याच्या हनुवटीपर्यंत येत होती.

"या मॅडम तुमच्या का?" पोरगा म्हणाला. "आपण कोण यांचे?"

काकाने सफारीची कॉलर सारखी केली.

स्वतःचं वर्णन परिच्छेद भरभरून सांगणारा हा माणूस. पण भोंग्यापाशी हा प्रश्न नेहमी दुसऱ्याला विचारला जायचा, आणि उत्तर आई द्यायची. त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, की तू कुणाचा कोण. त्याने सुप्रियाकडे बघितलं. सुप्रियाने नजर वर केली नाही. ती हरवलेली होती, तिने कसं सांगावं?

"आजोबा, कोण यांचे तुम्ही?" पोराने पुन्हा विचारलं.

"सासरो," काका म्हणाला.

नात्याने चुलतसासरा. पण चुलत त्याने गाळला.

"मी हिचो सासरो."

पोराच्या हातातला माइक चालूच होता. 'मी हिचो सासरो' हे बाजारभर गेलं, पायऱ्यांवर गेलं, आकाशपाळण्याच्या वरच्या डब्यांत गेलं. बोंबीलवाल्याचा झारा थांबला. नदीपलीकडे कुणाच्या तरी गॅलरीत दिवा लागला.

"हो," सुप्रिया ओढणीतून म्हणाली. "हेच माझे."

त्यावर काकाचा जो काय बांध फुटला! "काय गो, एवढी मोठी बाय तू, पोरीची आवस, आणि नळापर्यंत जाऊक वाट गावणा नाय? मी थंय म्हातारो माणूस, माझो जीव रवलो नाय! मुलुंडात असाच शिकवतत काय? डोळे खंय होते तुझे? ऊठ आधी. ऊठ!" हे सगळं माइकवरून. पोरगा माइक बंद करायचं विसरला होता, की त्याला बंद करावासा वाटला नाही, कोण जाणे. गर्दीतल्या मालवणी बायका पदराआड हसत होत्या आणि एकीने तर "बरोबर बोलता म्हातारो," असा शेरासुद्धा मारला.

काकाने सुप्रियाचं मनगट धरलं आणि तिला टपरीबाहेर काढलं. पुढे काका, मागे सुप्रिया. सोसायटीत, माहेरी, सासरी, कुणाचा अर्धा शब्द ऐकून न घेणारी ही बाई मान खाली घालून त्याच्या मागून चालत होती. काका बोलतच होता. मोबाइलच्या कव्हरांपाशी तो तिच्या विसरभोळेपणाबद्दल बोलत होता, कणसांपाशी तिच्या चपलांबद्दल, फाटकापाशी एकूणच आजकालच्या सुनांबद्दल.

मी पिशव्या सावरत त्यांना गाठायला पावलं उचलली. तेवढ्यात सुप्रियाने मोकळा हात पाठीमागे केला आणि काकाला दिसणार नाही अशा बेताने बोटं हलवून मला खूण केली, जवळ येऊ नका, मागेच राहा.

मी आणि ईरा मागेच राहिलो.